तोगाशी किइची यांचा डावा हात

तोगाशी किइची यांचे नाव पस्तीस वर्षांत एकदाही कुस्तीच्या पोस्टरवर सर्वांत वरच्या ओळीत आले नव्हते. ते आता आले होते. साकाता शहराचे क्रीडागृह, रविवार, पाच मार्च, दुपारी एक वाजता, तोगाशी किइची यांची निवृत्तीची कुस्ती, प्रतिस्पर्धी हिरुमा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टरे छापून आली, आणि मंडळाच्या अध्यक्षा ओनोदेरा यांनी त्यांतले एक स्वतः नेऊन मासळीबाजाराच्या फाटकावर चिकटवले. तोगाशी रोज सकाळी त्याच फाटकावरून आखाड्यात जात. पहिल्या दिवशी ते पोस्टरपुढे थांबले, नावाची अक्षरे बरोबर आहेत ना हे त्यांनी पाहिले, आणि पुढे निघाले. आपल्याला आनंद व्हायला हवा होता, हे त्यांच्या ध्यानात आले. तो झाला नव्हता, आणि न झाल्याचे वाईटही वाटत नव्हते.

तोवर त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला काहीच कळेनासे झाले होते.

तोगाशी याच बंदरातले. वडील माकूळ पकडणाऱ्या होडीवर होते. किइची शाळेत असताना ज्युदो खेळला, प्रांतात तिसरा आला, आणि एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या कुस्ती कंपनीच्या आखाड्यात राहायला तोक्योला गेला. त्या वसंतात वीस मुले दाखल झाली होती. वर्ष संपताना तिघे उरले. पहिले सहा महिने त्यांना कोणालाही पाडू दिले नाही, फक्त पडायला लावले. मागे पडायचे, कुशीवर पडायचे, मानेवर न येता खांद्यांवर यायचे, दोन्ही हात आणि पाठ एकाच क्षणी जमिनीला लावायचे. नीट पडले की आवाज एकच येतो. दोन आवाज आले की काहीतरी चुकले, असे समजायचे.

कुस्तीचा निकाल आधी ठरतो की नाही, हे साकातामध्ये कोणी विचारीत नाही. विचारणाऱ्याकडे लोक जरा दुरूनच पाहतात. पडणे मात्र खरे असते. शंभर किलोचा माणूस डोक्यावरून मागे फेकला जातो, तेव्हा त्याची मान त्याला फेकणाऱ्याच्या हातात असते. असे असूनही पडणे बिघडले तर माफी पडणाऱ्याने मागायची, ही या धंद्यातली रीत. कपडे बदलायच्या खोलीत यायचे, कमरेत वाकायचे, आणि ‘आज माझं पडणं चुकलं’ असे म्हणायचे. वरिष्ठाने त्यावर ‘हनुवटी आत ठेव’ एवढेच म्हणायचे. तोगाशी यांनी उमेदवारीत ही माफी किती वेळा मागितली याची गणती नाही. त्यांतल्या कितीदा चूक त्यांची होती, हा विचार त्यांनी केला नव्हता. तसा विचार करायची पद्धतच नव्हती.

पुढे ती कंपनी फुटली. फुटून निघालेल्यांनी लाथा आणि सांधे आवळण्याचे डाव यांवर चालणारी कडक कुस्ती सुरू केली, आणि तोगाशी त्यांच्याबरोबर गेले, कारण ज्या वरिष्ठाचे कपडे ते धूत तो तिकडे गेला होता. तेथे त्यांना एका डच ठोसेबाजापुढे उभे केले. ते चार मिनिटे अकरा सेकंदांत बेशुद्ध पडले. पुढल्या वर्षी एका रशियन पहिलवानाचा हात त्यांनी असा अडकवला की त्याला हार मानावी लागली. ती लढत खरीखुरी होती, आणि ती पाहायला दोनशे माणसे होती. मग मेक्सिकोत दोन वर्षे मुखवटा घालून. मग परत येऊन काटेरी तारांच्या रिंगणात. एकदा एका आयोजकाने त्यांना पांढरा कराटेचा पोशाख देऊन ‘ओकिनावाचा गुरू’ म्हणून उभे केले. तोगाशी यांना कराटे येत नव्हते. त्यांनी एका वस्तीतल्या कराटेवर्गात नाव घातले, शाळकरी मुलांबरोबर रांगेत उभे राहून चार वर्षे शिकले, आणि काळा पट्टा मिळवला. तोवर त्या आयोजकाचा धंदा बुडून तीन वर्षे झाली होती.

त्यांनी एकूण अकरा नावांनी कुस्त्या केल्या. कोणी आजारी पडला, कोणाचे विमान चुकले, कोणी मालकाशी भांडून निघून गेला, की तोगाशींना फोन येई. त्यांच्या पिशवीत दोन मुखवटे, कराटेचा पोशाख, लाथांच्या कुस्तीचे आखूड कपडे आणि साधी काळी चड्डी अशी सगळी सामग्री घडी घालून तयार असे. ‘आज कोण व्हायचं?’ असे ते पोचल्यावर विचारीत, आणि सांगतील ते होत. एक्केचाळिसाव्या वर्षी ते साकाताला परतले आणि ओनोदेरांच्या नवऱ्याने काढलेल्या छोट्या कुस्ती मंडळात सामील झाले. नवरा वारल्यावर मंडळ ओनोदेरा चालवू लागल्या. आखाडा बंदरावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात होता, आणि उन्हाळ्यातही तेथली जमीन गार असे.

हात बधिर व्हायला सुरुवात सप्टेंबरात झाली. प्रथम करंगळी, मग शेजारचे बोट, मग तळव्याची बाहेरची कड. डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले, पडद्यावर एका ठिकाणी पेन टेकवले, आणि ‘हे इथं दाबलं जातंय’ असे सांगितले. शस्त्रक्रियेने पुढचे थांबेल, गेलेले परत येईलच असे नाही. कुस्ती तर आजपासूनच बंद. तोगाशी यांनी मान डोलावली, पावती घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आखाड्यात गेले. मार्चमध्ये निवृत्तीची कुस्ती ठेवू, असे ओनोदेरा ऑगस्टातच बोलल्या होत्या. मार्चपर्यंत निभावून न्यायचे, एवढेच त्यांनी ठरवले. ही गोष्ट फक्त त्यांच्या पत्नीला, फुमिए यांना, ठाऊक होती. तीही त्यांच्या हातून भाताचा वाडगा दोनदा निसटला म्हणून.

वीस नोव्हेंबरला त्सुरुओकाच्या सभागृहात त्यांची हिरुमाशी कुस्ती झाली. हिरुमा तेव्हा तेहेतीस वर्षांचा. विद्यापीठात ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती खेळून आलेला, मंडळातला सर्वांत चांगला पहिलवान, आणि एका मुलीचा बाप. तोगाशींनीच त्याला पडायला शिकवले होते. नवव्या मिनिटाला तोगाशींनी त्याला मागून कमरेला विळखा घातला, पाठीची कमान केली आणि डोक्यावरून मागे फेकले. हा डाव त्यांनी हजारो वेळा केला असेल. फेकताना डावा पंजा उजव्या मनगटावरून सुटला. तो सुटल्याचे तोगाशींना कळले नाही. त्यांना कळला तो आवाज, एकाऐवजी दोन.

हिरुमा दोन श्वास तसाच पडून राहिला. मग उठला, आणि कुस्ती ठरल्याप्रमाणे संपली.

कपडे बदलायच्या खोलीत तो आला तेव्हा तोगाशी बुटांच्या नाड्या सोडत होते. हिरुमाच्या मानेवर लाल वळ उमटला होता. तो कमरेत वाकला.

“आज माझं पडणं चुकलं, तोगाशी-सान. माफ करा.”

“हनुवटी आत ठेव,” तोगाशी म्हणाले.

ते बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. तेव्हाही तोंड उघडता आले असते. पण हिरुमा ‘हो’ म्हणून वळला होता, आणि तोगाशींच्या हातात दुसऱ्या बुटाची नाडी होती.

दुसऱ्या दिवसापासून हिरुमा सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पडू लागला. रोज शंभर वेळा. नववर्षाचे तीन दिवस आखाडा बंद होता तेवढा खंड. त्या हिवाळ्यात साकाताला नेहमीप्रमाणे समुद्रावरून वारा सुटला आणि जमिनीवरचा बर्फ खालून वर उडत राहिला. गाडी फाटकापर्यंतच येई, पुढे चालावे लागे. तोगाशी आत येऊन रॉकेलच्या शेगडीपाशी हात धरून बसत. उजव्या हाताला ऊब कळे. समोर हिरुमा पडत असे. हनुवटी तो आता छातीला चिकटवून धरू लागला होता. पूर्वी तो तशी धरीत नसे. पूर्वी तो बरोबर पडत असे. हनुवटी जास्त आवळली की खांदे वर येतात, खांदे वर आले की पाठ जमिनीला उशिरा लागते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्याच्या प्रत्येक पडण्याला दोन आवाज येऊ लागले. आधी आपले पडणे बिघडले असे तो नुसते समजत होता. आता ते खरोखर बिघडले होते.

शिशिदो नावाचा एक आडदांड पहिलवान मंडळात होता. त्याने एकदा कपडे वाळत घालता घालता म्हटले, “हिरुमा-सान हल्ली लस टोचून घ्यायला आल्यासारखे पडतात. फेकायच्या आधीच डोळे मिटलेले.”

“तू आपलं बनियन पिळ,” तोगाशी म्हणाले. “पाणी ठिबकतंय.”

जानेवारीअखेर हिरुमा ओनोदेरांना भेटला आणि पाच मार्चनंतर आपण थांबतो, असे सांगून आला. सासऱ्यांचे त्सुरुओकाच्या रस्त्यावर टायरचे दुकान होते. तेथे माणूस हवाच होता. ही बातमी तोगाशींना ओनोदेरांनी दिली. त्या ऑफिसच्या खोलीत संत्री सोलत बसल्या होत्या.

“शरीर ऐकत नाही म्हणतो. का ऐकत नाही ते कळत नाही म्हणतो. तुमच्या निवृत्तीचा मान राखायचा म्हणून पाच तारखेपर्यंत थांबतोय. तुम्ही शिकवलंत त्याला. काय झालंय त्याला?”

“बघतो,” तोगाशी म्हणाले.

“बघा. टायर विकायला काय तो जन्मला होता?” त्यांनी अर्धे संत्रे त्यांच्यापुढे केले. “घ्या. दोन्ही हातांनी घ्या की, भीक घेतल्यासारखं काय एका हातानं.”

तोगाशींनी डावा हात पुढे करून संत्रे घेतले आणि ते हातात असल्याची डोळ्यांनी खात्री करून घेतली.

घरी त्या दिवशी कॉड माशाचे, डोक्याकाळजासकट आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोत शिजवलेले कालवण होते. फुमिए शाळेच्या भोजनगृहात काम करीत, आणि मोठ्या पातेल्याची सवय असल्यामुळे घरीही चौघांपुरते करीत. तोगाशींनी हिरुमाबद्दल सांगितले. सांगताना त्यांचा स्वर हवामान सांगितल्यासारखा होता.

“मग त्याला सांगा ना अहो,” फुमिए म्हणाल्या.

“सांगितलं तर कुस्ती नाही.”

“नाही तर नाही.”

“पोस्टर लागलंय.”

“पोस्टर पावसानं पण निघतं.” त्यांनी त्यांच्या वाडग्यात आणखी एक काळजाचा तुकडा घातला. “तुम्हाला हवी आहे का ती कुस्ती? खरं सांगा.”

तोगाशींनी विचार केला. पस्तीस वर्षे ते सांगतील ते झाले होते. एकदा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गावात, शेवटच्या जागेवर उभे राहायचे, एवढे त्यांना हवे होते. ते आत कुठेतरी होते, हे त्यांना ठाऊक होते. पण चाचपून पाहिले तर हाताला लागत नव्हते.

“हवी आहे,” ते म्हणाले.

“मग बसा तसेच,” फुमिए म्हणाल्या, आणि त्यांनी भांडी उचलली.

नऊ फेब्रुवारी, गुरुवार. तोगाशी आखाड्यात पोचले तेव्हा हिरुमाचे एकसष्ट वेळा पडून झाले होते. शेगडी पेटवलेली होती. दोघांशिवाय कोणी नव्हते. तोगाशींनी कोट काढून खुंटीला लावला आणि ते रिंगणाच्या दोरापाशी उभे राहिले.

“थांब जरा.”

हिरुमा उठून बसला. त्याच्या बनियनमधून वाफ निघत होती.

“त्सुरुओकाला तुझं पडणं बरोबर होतं. माझा हात सुटला. डाव्या हाताला सप्टेंबरपासून काही कळत नाही.”

हिरुमाने त्यांच्याकडे पाहिले आणि तो हसला. मोठ्यांनी लहानांची समजूत काढली की लहान हसतात तसा. “उपकार आहेत तुमचे, तोगाशी-सान. पण मला बरं वाटावं म्हणून असं नका बोलू. चूक कुणाची ते मला कळतं.”

“बरं वाटावं म्हणून नाही बोलत.”

“मी शिशिदोला परवा हेच सांगितलं. तो चुकला होता, मी म्हटलं माझा पाय घसरला. आपण असं बोलतोच.”

हे मात्र तोगाशींनी गृहीत धरले नव्हते. वरिष्ठाने दोष स्वतःवर घेणे हीही एक रीतच होती, आणि त्या रीतीमुळे त्यांचे खरे बोलणे आता खोटे ठरत होते. मग पोशाखांच्या पेटीतून त्यांनी मुखवटे शिवायची जाड सुई काढली, ती हिरुमाच्या हातात दिली, रिंगणाच्या कडेवर बसले, आणि डावा हात मागे करून मान पुढे वळवली.

“करंगळीला टोच. कळलं की सांगतो.”

“काय हे, तोगाशी-सान.”

“टोच म्हणतो ना.”

मागून काही आवाज आला नाही. बाहेर बंदरावर एक होडी इंजिन गरम करीत होती. तोगाशी शेगडीच्या जाळीतली निळी ज्योत पाहत वाट पाहत राहिले.

“सुरू कर की,” ते म्हणाले.

“झालं,” हिरुमा म्हणाला. “तीनदा.”

तोगाशींनी हात पुढे आणून पाहिला. करंगळीवर रक्ताचे तीन थेंब होते, एक तर चांगला मोठा. त्यांनी तो कपड्याला पुसला. हिरुमा सुई दोन बोटांत धरून तसाच उभा होता.

“सप्टेंबरपासून?”

“हो.”

“आणि मी त्या दिवशी खोलीत आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग हनुवटी आत ठेव असं का म्हणालात?”

“तोंडात तेच होतं.”

हिरुमाने सुई पेटीत ठेवली, पेटीचे झाकण लावले. त्याचा आवाज चढला नाही. “साडेसात हजारांच्या वर झाले माझे. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही रोज का पडता? मी तिला सांगितलं, बाबांना येत नाही म्हणून.” तो दोराखालून बाहेर आला आणि बूट घालायला खाली बसला. “सासऱ्यांना होकार देऊन बसलोय मी. गेल्या रविवारी साके घेऊन गेलो त्यांच्याकडे.”

“माफ कर,” तोगाशी म्हणाले, आणि कमरेत वाकले. पंचावन्नाच्या घरातल्या माणसाने तेहेतीस वर्षांच्या माणसापुढे वाकावे, हे त्या आखाड्यात पूर्वी घडले नव्हते. हिरुमाने ते पाहिले नाही. तो नाडी बांधत होता. किंवा पाहिले असेल. तो दार सरकवून गेला, आणि वाऱ्याने थोडा बर्फ आत येऊन फरशीवर पसरला. तोगाशींनी झाडू आणून तो बाहेर लोटला.

दुपारी ओनोदेरांनी दोघांना ऑफिसात बोलावले. तोगाशींनी सगळे पुन्हा सांगितले, तारखांसकट. ओनोदेरांनी चष्मा काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“सहाशे चाळीस तिकिटं गेली आहेत. मासेवाले सगळे येणार आहेत, तुमच्या शाळेची बॅच येणार आहे, त्यांनी बॅनर शिवलाय.” मग त्या हिशेबी स्वरात म्हणाल्या, “समजा तुम्ही कुणाला उचललंच नाही. नुसतं पडलात. दहा मिनिटं. पडता तर येतं ना अजून?”

“येतं,” तोगाशी म्हणाले.

“मानेचं काय?”

“माझी मान माझी आहे.”

“मी यांना फेकणार नाही,” हिरुमा म्हणाला. तो दाराशी उभा होता. खुर्चीवर बसला नव्हता.

“हळू फेक.”

“हळू फेकता येत नाही, ओनोदेरा-सान, तुम्हालाही माहीत आहे. हळू फेकलं की मानेवरच येतो माणूस. ज्याच्या मानेचं मला ठाऊक आहे त्याला मी उचलणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा. आणि दुसऱ्या कुणाला सांगणार असाल तर आधी त्यालाही हे सांगा.” तो तोगाशींकडे वळला नाही. “सगळ्यांना सांगा. कुणाला अंधारात ठेवू नका.”

शिशिदोला सांगितले असते तर तो तयार झाला असता. तो सांगितलेले ऐकत असे. ओनोदेरांची नजर तोगाशींवर होती. त्यांनी ‘शिशिदो’ एवढे म्हटले असते तरी पुरले असते.

“हिरुमाची कुस्ती शिशिदोशी लावा,” तोगाशी म्हणाले. “माझा नुसता समारंभ करा.”

“बरं,” ओनोदेरा म्हणाल्या. “पोस्टरवर पट्टी चिकटवावी लागेल.” आणि जरा वेळाने, “सूट आहे का तुमच्याकडे? नाही तर आमच्या ह्यांचा बसेल. कमरेला आवळावा लागेल.”

पाच मार्चला ऊन पडले. सहाशे चाळीसांतली पंधरावीस माणसे तिकीट परत करून गेली, बाकी आली. तोगाशी दिवंगत ओनोदेरांचा करडा सूट घालून चौथ्या कुस्तीनंतर रिंगणात चढले. दोर ओलांडताना त्यांनी सवयीने डावा हात दोरावर ठेवला आणि मग तो दोरावर आहे ना हे पाहिले. मंडळातले सगळे पहिलवान एकामागून एक येऊन पुष्पगुच्छ देऊन गेले. हिरुमाही आला. त्याने गुच्छ दिला, नियमाप्रमाणे वाकला, आणि खाली उतरला. मग दिवे मंद झाले आणि घंटेचे दहा ठोके सुरू झाले.

हे दहा ठोके निवृत्त होणाऱ्यासाठी देतात, आणि मेलेल्या पहिलवानासाठीही तेच देतात. तोगाशी कितीतरी जणांसाठी मान खाली घालून असे उभे राहिले होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने ठोके ऐकून हात जोडले आणि डोळे मिटले. तिच्या शेजारचा मासेवाला कुजबुजला, पण ते रिंगणापर्यंत ऐकू आले. “आजी, हात खाली करा. माणूस जिवंत आहे.”

“माहीत आहे रे मला,” म्हातारी म्हणाली. “त्याच्या आईला ओळखते मी.” तिने हात तसेच ठेवले.

तोगाशी ठोके मोजत होते. सातव्यानंतर आपल्याला काहीतरी वाटेल, असे त्यांना कोणीतरी कधी सांगितले होते. सातवा झाला. दहावाही झाला. दिवे लागले, चारी बाजूंनी कागदी फिती उडाल्या, आणि ओनोदेरांनी माइकवर, नवऱ्याच्या काळात त्या पहिलवानांची नावे पुकारीत त्याच खणखणीत आवाजात, त्यांचे नाव पुकारले. वजन एक्क्याण्णव किलो, साकाताचे, तोगाशी किइची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅनरवाले रडत होते. तोगाशींनी चारी दिशांना एकेकदा वाकून नमस्कार केला, पायात अडकलेल्या फिती गोळा केल्या, आणि त्या बाजूला ठेवून खाली उतरले.

शेवटची कुस्ती त्यांनी रिंगणाच्या कोपऱ्याशी उकिडवे बसून पाहिली. सूट चुरगळू नये म्हणून कोट काढून. शिशिदोने हिरुमाला चार वेळा फेकले. शिशिदोचे हात चोख होते. चारही वेळा आवाज दोन आले. खरे कळल्याने पडणे दुरुस्त झाले नव्हते. लोकांच्या ते लक्षात आले नाही. हिरुमा जिंकला आणि त्यांनी आणखी फिती फेकल्या. कपडे बदलायच्या खोलीत हिरुमा भिंतीकडे तोंड करून मानेवर बर्फाची पिशवी धरून बसला होता. तोगाशी आपली पिशवी घेऊन त्याच्या मागून गेले.

सोमवारी सकाळी फुमिए म्हणाल्या, “आज कुठं निघालात?”

“आखाड्यात.”

“कशाला?”

तोगाशींनी मोजे घातले. शस्त्रक्रियेची तारीख सोळा होती. तोवर दहा दिवस होते. फाटकावर पोस्टर तसेच होते, मधोमध पांढरी पट्टी. बर्फ वितळून वाटेवर चिखल झाला होता.

आखाड्याचे दार उघडे होते. हिरुमा रिंगणात होता. सुट्टीचा दिवस असल्यामुळे शेगडी पेटवलेली नव्हती. तोगाशींना पाहून तो थांबला, पण वाकला नाही.

“सासऱ्यांना मी नाही म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “काल, कुस्तीनंतर. त्यांनी साकेची बाटली परत केली. उघडलेली.”

“बरं.”

“मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही.”

“बरं.”

“पण माझं पडणं मला दिसत नाही, आणि इथं दुसऱ्या कुणाला ते कळत नाही. तुम्ही बिघडवलंत. बसा तिथं आणि बघा.”

तोगाशींनी बाक ओढून रिंगणाच्या कडेशी आणला आणि कोट न काढता बसले. हिरुमा मागे पडला. दोन आवाज.

“खांदा,” तोगाशी म्हणाले. “उजवा.”

तो पुन्हा पडला. पुन्हा दोन.

“हनुवटी सोड. समोर बघ. छताला तो गंजलेला खिळा आहे ना, तो पडता पडता दिसला पाहिजे.”

“दिसला तर डोकं आपटेल.”

“नाही आपटणार. आधी दिसत होता तुला.”

हिरुमा पडत राहिला. तोगाशी पाहत राहिले. कधी ‘खांदा’ म्हणाले, कधी ‘घाई’, बऱ्याचदा काहीच नाही. तासाभराने खिडकीतून ऊन येऊन बाकावर पडले. त्यांच्या उजव्या हाताला ते कळले. पन्नासाव्या की बावन्नाव्या वेळी पाठ आणि दोन्ही हात जवळपास एकत्र लागल्यासारखे वाटले.

“आता बरोबर,” तोगाशी म्हणाले.

हिरुमा पाठीवर पडल्या पडल्या धापा टाकत होता. त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

“नक्की? की तोंडात होतं म्हणून म्हणालात?”

तोगाशी उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. आवाज एकच आला होता, की एकच यावा असे त्यांना वाटले होते, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी कोट काढून बाकावर ठेवला, उठून रिंगणाच्या अगदी कडेला गेले, आणि आवाज नीट कानावर पडावा म्हणून दोरातून डोके आत घातले.

“नक्की नाही,” ते म्हणाले. “पुन्हा पड.”